हृदयपेशींची ऊर्जा आणि प्राणवायूचा अभाव

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदय एकाएकी बंद पडणे, असा समज समाजात सर्वत्र रूढ आहे. झटका आला की सारे क्षणार्धात संपते आणि मनुष्याच्या हाती काही उरत नाही, असेही त्याबरोबर मानले जाते. हे दोन्ही समज पूर्णांशाने खरे नाहीत. बहुसंख्य रुग्णांत झटक्याच्या वेळी हृदय चालूच असते. हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त पुरविणारी रोहिणी मात्र बंद पडलेली असते. त्या भागातील पेशीही तत्काळ मरत नाहीत. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत त्या तग धरून असतात. या अवधीत त्यांच्यात काय घडते हे समजले, म्हणजे उपचारातील एकेका घटकेचे मोल काय आहे, हेही समजते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हृदयाचा रोजचा खर्च

प्रौढ माणसाचे हृदय साधारणतः ३०० ग्रॅम वजनाचे असते. शरीराच्या एकूण वजनात त्याचा वाटा जेमतेम अर्धा टक्का भरतो. तथापि शरीर विश्रांत असताना जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या हृदयाला लागतो. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७ हजार लिटर रक्त पुढे ढकलते. हातापायांच्या स्नायूंना विसावा मिळतो, हृदयाला तो आयुष्यभर मिळत नाही.

या कामासाठी लागणारी ऊर्जा ‘अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट’ या रासायनिक संयुगाच्या रूपाने खर्च होते. संक्षेपाने त्याला ‘एटीपी’ म्हणतात. शेतकऱ्याच्या कणगीत धान्य कितीही असले, तरी बाजारात व्यवहार करण्यासाठी त्याला रोकड लागते. पेशीचेही तसेच आहे. साखर आणि मेद हे तिचे धान्य, तर एटीपी ही तिची रोकड. हृदयाची गंमत अशी, की त्याच्यापाशी ही रोकड कोणत्याही क्षणी अत्यल्प असते. सबंध हृदयातील एटीपी एकत्र केले, तर ते एक ग्रॅमही भरणार नाही. दिवसभरात मात्र हृदय सुमारे ६ किलोग्रॅम एटीपी वापरते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ वीस पट. याचा अर्थ एवढाच, की असलेला साठा दर दहा सेकंदांनी संपतो आणि तितक्याच वेळात पुन्हा भरला जातो. हातात येते तेच खर्चायचे, असा हा संसार आहे.

यातील सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा आकुंचनाला लागते. उरलेली पेशीपटलावरील आणि पेशीतील ‘पंप’ चालविण्यात खर्च होते. हे पंप सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियम जागच्या जागी परत नेऊन ठेवतात. कॅल्शियम हटल्याखेरीज स्नायू सैल होत नाही. म्हणून हृदयाला आकुंचनाइतकीच शिथिल होण्यासाठीही ऊर्जेची गरज असते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

रोकड संपत आली असता क्षणभर उपयोगी पडावी, अशी एक लहानशी गंगाजळी पेशीत असते. तिचे नाव क्रिएटिन फॉस्फेट. तिच्या शोधाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासमवेत अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात १९२७ मध्ये हा पदार्थ शोधून काढला. त्यानंतर १९२९ मध्ये या दोघांनी, आणि जर्मनीत कार्ल लोमन यांनी स्वतंत्रपणे, एटीपीचाही शोध लावला.

तंतुकणिकेतील वीजघर

हृदयपेशीतील ९५ टक्के एटीपी तंतुकणिकांत तयार होते. पेशीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग या सूक्ष्म तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. त्यांचे कार्य कसे चालते याची उपपत्ती ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. प्रारंभी तिला बराच विरोध झाला. पुढे ती सर्वमान्य झाली आणि १९७८ मध्ये मिचेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोयनेसारखा जलविद्युत प्रकल्प ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही उपपत्ती सहज समजेल. तंतुकणिकेच्या आतील पटलाच्या एका बाजूस हायड्रोजनचे धनभारित कण साठविले जातात. हा झाला जलाशय. ते कण एका फिरत्या यंत्रातून दुसऱ्या बाजूस उतरतात आणि त्या ओघाच्या बळावर एटीपी तयार होते. हे झाले टर्बाइन. जलाशय भरता ठेवण्यासाठी लागणारी शक्ती अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांकडून मिळते. हे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे असे हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी त्यांना स्वीकारतो तो प्राणवायू. या संयोगातून पाणी तयार होते.

प्राणवायूचे पेशीतील मुख्य काम हेच, शेवटच्या टोकाला उभे राहून इलेक्ट्रॉन उतरवून घेण्याचे. साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडणे थांबले, की गाड्यांची रांग मागे रस्त्यापर्यंत थबकते. प्राणवायू नसला म्हणजे इलेक्ट्रॉनांचीही तीच गत होते. सारी साखळी अडते, जलाशय भरणे थांबते आणि टर्बाइन निकामी होते. मेदाम्ले हे हृदयाचे एरवीचे प्रमुख इंधन. ती पेशीत पडून राहतात, परंतु प्राणवायूवाचून त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

अधिक मागण्याची सोय नाही

शरीराच्या इतर भागांकडे रक्तातून अधिक प्राणवायू ओढून घेण्याची थोडीफार मुभा असते. सरासरीने पाहता, शरीर रक्तातील सुमारे २५ टक्केच प्राणवायू घेते आणि उरलेला शिरांवाटे परत जातो. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीच्या वेळीही हृद्‌रोहिण्यांतून आलेल्या रक्तातील ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतो. तेव्हा अधिक प्राणवायू हवा असल्यास अधिक रक्त येणे, हा एकच मार्ग त्याला उरतो. निरोगी माणूस चढण चढू लागला, की त्याच्या हृद्‌रोहिण्या रुंदावतात आणि प्रवाह चार-पाच पटींनी वाढू शकतो. ज्याच्या रोहिणीत मेदाचा थर साचून ती अरुंद झाली आहे, त्याच्या बाबतीत हे घडत नाही. चालताना छातीत कळ येते आणि थांबल्यावर ती शमते. पुरवठा मागणीला पुरत नसल्याची ती पूर्वसूचना होय. पुढे कधीतरी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि उरलेली वाटही बंद होते.

येथे दोन अवस्थांमधील भेद लक्षात घेतला पाहिजे. रक्तक्षय, उंच पर्वतावरील विरळ हवा किंवा बंद खोलीतील शेगडीचा विषारी वायू यांमुळे रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी होतो, पण रक्त वाहत असते. त्यामुळे ग्लुकोज पेशीपर्यंत येत राहते आणि टाकाऊ पदार्थ वाहून जातात. रोहिणी बंद झाली म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम थांबतात. प्राणवायू येत नाही, इंधन येत नाही आणि निचराही होत नाही. म्हणून ही दुसरी अवस्था पेशीला कितीतरी अधिक घातक ठरते.

पहिली मिनिटे

रोहिणी बंद झाल्यावर त्या भागातील शिल्लक प्राणवायू अवघ्या काही सेकंदांत संपतो. क्रिएटिन फॉस्फेटची गंगाजळी त्यानंतर भराभर रिती होते. एका मिनिटाच्या आत तो भाग आकुंचन पावणे जवळजवळ सोडून देतो. पेशी मेल्यामुळे हे घडत नाही. सर्वांत मोठा खर्च पेशीने आधी बंद केलेला असतो, आणि दुष्काळात शहाणा कुटुंबप्रमुख करतो तशीच ही काटकसर आहे.

दुसरा उपाय म्हणजे विनॉक्सिश्वसन. प्राणवायूविना ग्लुकोजचे अर्धवट विघटन करून पेशी थोडे एटीपी मिळविते. हा मार्ग फार तोट्याचा आहे. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे ३० ते ३२ रेणू मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत ही संख्या ३६ किंवा ३८ अशी दिलेली आढळते. प्राणवायूविना मिळतात केवळ २. शिवाय या क्रियेत लॅक्टिक आम्ल आणि हायड्रोजनचे कण साचतात. रक्त वाहत नसल्याने ते तेथेच राहतात, पेशी आम्लधर्मी होते आणि त्या आम्लतेमुळे विनॉक्सिश्वसनही मंदावते.

याहून विलक्षण प्रकार तंतुकणिकांत घडतो. घाटघरच्या उदंचन प्रकल्पात तेच यंत्र गरजेनुसार उलटे फिरवून, वीज खर्च करून पाणी वर चढविले जाते. प्राणवायू संपल्यावर तंतुकणिकेचे टर्बाइनही असेच उलटे फिरू लागते. एटीपी तयार करण्याऐवजी ते पेशीत उरलेले एटीपी मोडून रिकामा जलाशय भरू पाहते. घाटघरला हे योजनापूर्वक केले जाते, पेशीत मात्र तो निव्वळ अपव्यय असतो. दहा मिनिटांत एटीपी निम्म्यावर येते. चाळीस मिनिटांत ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते.

पेशी कशी मरते

ऊर्जा आटली, की पंप थांबतात. सोडियम पेशीत साचू लागते आणि त्याच्यामागोमाग पाणी शिरते. पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यामुळे हृदयाचे विद्युत-संतुलन बिघडते आणि त्याची खूण ईसीजीच्या आलेखावर उमटते. काही रुग्णांत हे असंतुलन इतके वाढते, की हृदयाच्या जवनिका आकुंचनाऐवजी नुसत्या थरथरू लागतात. झटक्यात एकाएकी येणाऱ्या मृत्यूचे हे प्रमुख कारण होय. सोडियमपाठोपाठ पेशीत कॅल्शियमही वाढते आणि त्यामुळे पेशीतील प्रथिने व पटले मोडणारी विकरे जागी होतात. अखेर पेशीपटल फाटते आणि ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. रक्ततपासणीत डॉक्टर ज्याचा शोध घेतात, ते प्रथिन हेच.

पेशीपटल फाटेपर्यंतचा बिघाड दुरुस्त होण्याजोगा असतो. रक्तप्रवाह पूर्ण थांबला असता साधारण वीस मिनिटांपर्यंत पेशी सावरू शकतात. त्यानंतर काहींचा मृत्यू सुरू होतो, पण सर्वांचा एकाच वेळी नाही. किथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज प्रभृती संशोधकांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे सिद्ध केले. रोहिणी ४० मिनिटे बंद ठेवून पुन्हा उघडली, तेव्हा धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मृत झाला होता. ३ तासांनी हे प्रमाण ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के आणि रोहिणी उघडलीच नाही तेव्हा ८५ टक्के आढळले. मृत्यू हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकत जातो, हेही त्यांनी दाखविले. हृद्‌रोहिण्या हृदयाच्या बाहेरील पृष्ठभागावरून जातात आणि त्यांच्या शाखा आत शिरतात. आतला थर म्हणजे कालव्याच्या शेपटाकडचे शेत. पाणी कमी झाले, की पहिली झळ त्यालाच बसते. माणसाच्या हृदयात हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. जोडवाहिन्यांचे जाळे कमीअधिक असते, गुठळी कधी अर्धवट सुटते, पुन्हा धरते. तथापि लाटेची दिशा आणि तिची निकड तीच असते.

पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर

रक्त परत आले, की तंतुकणिका पुन्हा एटीपी बनवू लागतात. मात्र ही घटना निर्धोक नसते. एकाएकी आलेल्या प्राणवायूपासून काही दाहक संयुगे निर्माण होतात, आधीच साचलेल्या कॅल्शियममुळे स्नायू ताठरतो आणि मरणाच्या उंबरठ्यावरच्या काही पेशी या धक्क्याने दगावतात. वाचलेला स्नायूही लगेच कामाला लागत नाही. काही तास किंवा काही दिवस तो स्तब्ध राहतो आणि मग हळूहळू पूर्ववत होतो. असे असले, तरी प्रवाह पुन्हा सुरू केल्यावाचून पेशी वाचविण्याचा दुसरा मार्ग नाही.

या ज्ञानाचा प्रत्यक्ष रुग्णांवरील पडताळा १९८६ मध्ये मिळाला. इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध वापरून पाहण्यात आले. दुखणे सुरू झाल्यापासून तासाभरात ते मिळालेल्या रुग्णांत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेने, मृत्यूचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. तीन तासांच्या आत उपचार झालेल्यांचा एकत्रित विचार केला, तर ही घट २३ टक्के होती आणि तीन ते सहा तासांच्या दरम्यान ती १७ टक्क्यांवर आली. औषध सर्वांना एकच दिले गेले होते. फरक पडला तो वेळेचा. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, १७ हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात साध्या अ‍ॅस्पिरिननेही मृत्यूचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते, असे दिसून आले. आज मोठ्या रुग्णालयांत फुग्याच्या साहाय्याने रोहिणी उघडण्याची अँजिओप्लास्टी ही अधिक परिणामकारक पद्धत उपलब्ध आहे. तथापि तिच्यासाठी दोन तासांहून अधिक वाट पाहावी लागणार असेल, तर जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळविणारे औषध तत्काळ देणे हिताचे मानले जाते.

सहा तासांचा प्रश्न

भारतातील स्थिती काय आहे? देशातील ८९ केंद्रांतील २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यवर्ती काळ तीत ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास आढळला. निम्म्या रुग्णांना याहूनही अधिक वेळ लागला होता. रुग्णालयात पोहोचल्यावर औषध मिळण्यास मात्र मध्यवर्ती काळ ५० मिनिटांचाच होता. या दोन आकड्यांची तुलना बोलकी आहे. विलंब मुख्यत्वे रुग्णालयाच्या दाराबाहेर होतो. तो घरात होतो, रस्त्यावर होतो, ‘पित्त असेल, सकाळी पाहू’ या बोलण्यात होतो. सहा तासांत त्या लाटेने किती स्नायू गिळला असेल, याची कल्पना वर दिलेल्या आकड्यांवरून येईल. मेलेल्या हृदयपेशींच्या जागी व्रणाची ऊती येते, ती आकुंचन पावत नाही. एखादा शेतमजूर झटक्यातून वाचतो, पण पुढे त्याला चार पावले चालताच धाप लागते, याचे कारण बहुधा हेच असते.

येथे वैद्यकाचा प्रांत संपून गावाची जबाबदारी सुरू होते. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी वेदना, ती डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, धाप आणि मळमळ ही लक्षणे शाळेतील मुलांनाही ठाऊक असावयास हवीत. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात वेदना सौम्य असू शकते. कधी नुसताच थकवा किंवा धाप हेच लक्षण असते. अशा वेळी रुग्णाला चालवत किंवा दुचाकीवरून नेऊ नये, कारण श्रमाने हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तो क्रमांक प्रथम फिरवावा. अ‍ॅस्पिरिन देण्याविषयी डॉक्टरांना त्याच वेळी विचारावे, कारण रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा त्या औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते अपायकारक ठरते.

जवळच्या कोणत्या रुग्णालयात ईसीजी दिवसरात्र निघतो, गुठळी विरघळविणारे औषध कोठे असते, अँजिओप्लास्टीची सोय किती अंतरावर आहे आणि पावसाळ्यात त्यांपैकी कोणता रस्ता बंद होतो, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. रुग्ण बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहणे हा मदत येईपर्यंतचा उपाय होय. त्याचे प्रशिक्षण शिक्षकांना, पोलीस पाटलांना आणि बसचालकांना देता येण्यासारखे आहे. तंबाखू सोडणे आणि रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे हे तर मूळचेच उपाय आहेत. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो. ज्या हृदयाला अधिक मागण्याची सोयच नाही, त्याचा घास अशा रीतीने आधीच हिरावला जातो.

हृदयपेशी प्राणवायूवाचून जगू शकत नाही, परंतु मदतीची वाट पाहण्यासाठी ती स्वतःचे काम थांबविते, उरलीसुरली ऊर्जा जपते आणि काही काळ टिकून राहते. तो काळ मिनिटांत मोजावा लागतो. त्यातली किती मिनिटे रुग्णाच्या कारणी लागतील, हे पुष्कळदा घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी आधीच काय ठरवून ठेवले आहे, यावर अवलंबून राहते.